नको म्हणायची रीत

पु. ल. देशपांडे यांचं 'पूर्वरंग' मी तिसऱ्यांदा वाचलं ते जपानहून परत आल्यावर. पहिल्यांदा वाचलं होतं कॉलेजात असताना, तेव्हा नुसती हसले होते. दुसऱ्यांदा वाचलं ते जायचं ठरल्यावर, तयारी म्हणून. तिसऱ्यांदा मात्र मी त्यात एक गोष्ट शोधत होते आणि ती मला सापडली नाही. मग आणखी दोन-चार प्रवासवर्णनं काढली. त्यांतही ती फारशी नव्हती. कुठली गोष्ट, ते सांगते.

आम्हा बेळगावकरांना पु. ल. परके नाहीत. ते इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि 'गणगोत'मधले रावसाहेब तर आमच्या गावचेच. त्यामुळे त्यांच्या पुस्तकाविषयी कुरकुर करायची म्हणजे, ज्या काकांनी लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्यांनाच मोठेपणी 'काका, ते अमुक राहिलं की हो दाखवायचं' म्हणण्यासारखं आहे. तरी म्हणते. कारण जे राहिलं, ते न कळल्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली.

आधी ती चूक सांगते.

बेळगाव, सांगली, कोल्हापूर या भागातले आम्ही बत्तीस जण, बहुतेक आपल्याच समाजातले आणि त्यातही बायकाच जास्त, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानला गेलो. चेरीच्या फुलांचे दिवस. सोबत दोन आचारी. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण, बटाट्याच्या जागी कच्च्या केळ्याची भाजी. 'घरच्यासारखं जेवण' असं पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं, आणि ते मिळालंही. फुजी पर्वत खिडकीतून दिसत होता आणि आम्ही बसमध्ये पुऱ्या वाटत होतो. माझ्या पिशवीत बेळगावच्या कुंद्याचे दोन डबे होते. कुणाला तरी देऊ म्हणून नेलेले. कुणाला, ते ठरवलेलं नव्हतं.

क्योतोमध्ये एका दुपारी 'चहाचा विधी' होता. वेळ पंचेचाळीस मिनिटं. गवती चटयांची खोली, भिंतीच्या कोनाड्यात एकच फूल, आणि समोर किमोनो नेसलेली सत्तरीची एक बाई. ती गुडघे मोडून बसली होती, ताठ, आपल्याकडच्या जुन्या आज्ज्या पूजेला बसतात तशी. प्रत्येकीसमोर घडी घातलेला पांढरा कागद आणि त्यावर एक मिठाई आली. चेरीच्या फुलाच्या आकाराची, फिक्या गुलाबी रंगाची, पाच पाकळ्या. इतकी नाजूक की बोट लावायला भीती वाटावी.

आमच्या टूरच्या माणसानं दारातूनच सांगितलं, "मिठाई कुणी खाऊ नका हं. त्यात काय आहे याची खात्री नाही. चहा प्यायला हरकत नाही."

झालं. बत्तीस कागद बत्तीस फुलांसकट पुढं सरकले. माझ्या शेजारणीनं तर एका बोटानं ढकललं, नासकं काहीतरी ढकलावं तसं. मी कागदावर आडवा हात धरला, पंगतीत 'पुरे' म्हणताना धरतो तसा. त्या बाईनं पाहिलं, काही बोलली नाही. वाकली, आणि एकेक कागद दोन्ही हातांनी उचलून तबकात ठेवत गेली. माझ्यापाशी आली तेव्हा हसली. ते हसू मला अजून आठवतं. लेकीच्या सासरी आपण केलेला पदार्थ कुणी न चाखता परत पाठवला, की बाई जशी हसेल तसं.

मग तिनं आमच्यासमोर एक वाडगं चहा बांबूच्या फेणीनं घुसळून दाखवला. बाकीची वाडगी आतून आली. हिरवागार, जाडसर, आणि जहर कडू. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अगंबाई, काढाच की हो!" सगळे हसले. मीही हसले.

परत आल्यावर मी आपल्या समाजाच्या मासिकात त्या प्रवासावर लेख लिहिला. तो आता पुन्हा काढून बघितला. एकूण चार पानं. त्यांतलं एक अख्खं पान जेवणाच्या सोयीवर. बुलेट ट्रेन आहे, स्वच्छता आहे, शिस्त आहे, लोक किती वाकून नमस्कार करतात ते आहे. चहाच्या विधीला दीड ओळ: 'जपानी संस्कृतीचा हा आगळा अनुभव मनाला भावून गेला.' ती बाई लेखात नाही. मिठाई नाही. सगळ्यांनी फोन करून लेख छान झाला म्हणून सांगितलं. दोघींनी तर त्याच टूरचा नंबर मागितला.

माझी भाची पुण्यात जपानी भाषा शिकते. ती सुटीत आली तेव्हा मी तिला हा प्रसंग सांगितला, तोही गंमत म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, अगं तो कागद त्यासाठीच असतो." त्या कागदाला म्हणे 'काइशी' म्हणतात. मिठाई त्यावर घ्यायची. खाता आली नाही किंवा उरली, तर त्याच कागदात नीट गुंडाळून आपल्यासोबत न्यायची. यात पाहुण्याचाही मान राहतो आणि यजमानाचाही. आणि मिठाई आधी खायची ती चहाचा कडूपणा तोंडात गोडावर उतरावा म्हणून. आम्ही गोड परत केलं आणि कडूला नावं ठेवली.

मी गप्प बसले. म्हणजे आमच्यासारख्या न खाणाऱ्या पाहुणीची सोय त्या रिवाजात आधीपासून होती. आमच्या प्रत्येकीच्या समोर घडी घालून ठेवलेली होती.

आणि हे आपल्याला नवं आहे का? आपल्याकडे उपवासाची बाई हळदीकुंकवाला आली तर आपण काय करतो? हातावर साखर ठेवतो, लाडू कागदात बांधून देतो. ती 'नको' म्हणत नाही, पदरात घेते. नको म्हणायचीही एक रीत असते हे आपल्या घरात सात वर्षांच्या मुलीलाही शिकवतात. ती रीत आम्ही विमानतळावर सोडून गेलो होतो.

तर मी 'पूर्वरंग'मध्ये हेच शोधत होते. परक्या घरात 'नको' कसं म्हणायचं?

१९६३ सालचं हे पुस्तक. त्याआधी १९६० मध्ये 'अपूर्वाई' आलेलं, विलायतेच्या प्रवासाचं. त्या काळी परदेशी जाणं ही घराण्यात एखाद्यालाच लाभणारी गोष्ट. पु. लं.नी वाचकाला बरोबर नेलं, आणि न घाबरवता नेलं, हे त्यांचं मोठेपण. जपान, बाली, सिंगापूर इथं ते गेले ते पाहायला आणि ऐकायला आसुसलेला कलावंत म्हणून. जपानी माणसाच्या सौंदर्यदृष्टीवर त्यांचा जीव जडला आहे, आणि पानापानांतून ते कळतं. दुसऱ्याच्या परंपरेला हसायचं नाही, हसायचं ते स्वतःच्या गोंधळाला, ही शिस्त त्यांनी मराठी प्रवासवर्णनाला लावली. माझ्या टूरमधल्या हसण्यात आणि त्यांच्या हसण्यात हाच फरक आहे. आम्ही वाडग्याला हसलो. पु. ल. असते तर स्वतःच्या वाकड्या तोंडाला हसले असते.

तरीही एक गोष्ट खटकते. पु. लं.च्या प्रवासात अवघडलेपण आलं की त्याचा विनोद होतो आणि विनोद झाला की प्रसंग मिटतो. वाचक हसतो, सुटतो, पुढच्या पानावर जातो. समोरच्या यजमानाचं त्या क्षणी काय झालं, हे विचारायला सवड राहत नाही. शिवाय 'माझे खाद्यजीवन' लिहिणारा माणूस हा. खाण्यावर मनापासून प्रेम करणारा. त्याच्यापुढं 'हे मी खाऊ शकत नाही' हा प्रश्न आपल्याइतका रोजचा नव्हताच. मला कधीकधी वाटतं, त्या प्रवासात सुनीताबाई सोबत होत्या. 'पूर्वरंग' त्यांनी लिहिलं असतं तर? 'आहे मनोहर तरी' लिहिणाऱ्या बाईंनी प्रसंग हसून मिटू दिला नसता. तो घोळवला असता.

पु. लं.चा दोष म्हणून मी हे सांगत नाही. दोष त्यांच्यानंतरच्या आम्हा लिहिणाऱ्यांचा आहे. त्यांच्या विनोदामागची नम्रता आम्हाला उचलता आली नाही, नुसती फजितीची गोष्ट तेवढी उचलली. म्हणून आज कुठलाही दिवाळी अंक किंवा समाजाचं मासिक उघडा, परदेशाच्या लेखात दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक, 'मी सगळं खाऊन पाहिलं' म्हणून छाती फुगवणारा. त्याला वाटतं विंचू-झुरळ चाखलं की संस्कृती कळली. दुसरी, मेतकूट-दशम्यांची पिशवी घेऊन फिरणारी, जिची सगळे थट्टा करतात किंवा जी स्वतःच आपलं कौतुक करते. तिसरी बाई कुठाय? जी यजमानाशेजारी बसते, ताटातलं काय चालतं काय नाही ते नीट सांगते, त्याचं कारण सांगते, आणि समोरचीचं कारण ऐकून घेते?

मीना प्रभूंच्या पुस्तकांत तिची चाहूल लागते. पेशानं डॉक्टर, लंडनला राहिलेल्या. 'माझं लंडन'पासून 'दक्षिणरंग', 'तुर्कनामा', 'गाथा इराणी' अशी किती पुस्तकं! बहुतेक प्रवास एकटीनं केलेले. एकटी बाई असली की कळपाच्या भिंती नसतात. रस्ता विचारावा लागतो, कुणाच्या तरी घरात शिरावं लागतं. त्यांच्या पुस्तकांत माणसं बोलतात, हे मला फार आवडतं. त्यांच्यात माहितीचा पूर इतका येतो की कधी कधी त्यात माणूस वाहून जातो, ही माझी एक तक्रार. इतिहास, सनावळ्या, इमारती. पण बाईनं एकटीनं जाऊन परक्या बाईशी बोलायचं असतं, हे मराठी वाचकिणींना त्यांनी दाखवलं. आमच्या बत्तिसांच्या बसमध्ये त्यांचं एखादं पुस्तक कुणी वाचलेलं असतं तर!

ती तिसरी बाई मला पुरती सापडली ती मात्र फार मागे जाऊन. सव्वाशे वर्षांहून अधिक मागे.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांचं शाकाहारी राहणं हा त्यांच्या आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यातल्या वादाचा एक विषय होता. त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती धर्म घेतल्यावरही रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. म्हणजे त्या नको म्हणाल्या, पण ताटावरून उठून गेल्या नाहीत. पत्रं लिहिली, कारणं दिली, भांडल्या, शिकल्या. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी सांगून ठेवलं की हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ते श्रीरामपूर बंगालमधलं, नगरचं नव्हे. साडी आणि आपलं अन्न सांभाळून ती पोर परक्या घरात राहिली, आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. तो सोहळा पाहायला रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या.

नंतर रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं फिरल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांचं मराठी पुस्तक निघालं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. नाव नीट वाचा, मैत्रिणींनो. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. आधी ते लोक, मग मी. तिथल्या शाळा, कायदे, बायकांच्या संस्था, घरं यांविषयी त्यांनी भरभरून लिहिलं. गोऱ्यांनी काळ्या लोकांना दिलेल्या वागणुकीबद्दलही लिहिलं, ते नजरेआड केलं नाही. त्यांच्या धर्मनिर्णयाशी आपण सहमत असू वा नसू. परक्या देशात कसं बसावं, कसं पाहावं, कुठं मान हलवावी आणि कुठं हलवू नये, याचा धडा त्या पुस्तकात आहे. माझ्या चार पानी लेखात जे पान जेवणाच्या सोयीला गेलं, त्या जागी रमाबाईंनी काय लिहिलं असतं, या विचारानं मला घाम फुटतो.

आता कुणी म्हणेल, आणि माझ्या जाऊबाई म्हणाल्याच, "म्हणजे काय, नियम मोडायचे? ती मिठाई खायची?"

नाही. भाचीनं सांगितलं, तसल्या मिठाईत बहुधा पांढऱ्या घेवड्याचं गोड पुरण असतं, पण ते मळायला कधी कधी एक प्रकारचं कंदही घालतात. म्हणजे टूरच्या माणसाची शंका खोटी नव्हती. मी ती मिठाई खाल्ली नसती आणि आजही खाणार नाही. प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा की आम्ही विचारलं का? "आजी, यात काय घातलंय?" हे विचारायला दुभाषी तिथं उभा होता. स्वयंपाकघरातल्या दोन बायकांना जोडणारा याहून सोपा प्रश्न जगात आहे का? ती सांगती, आपण सांगतो की आम्ही जमिनीखालचं खात नाही, का खात नाही ते सांगतो. मग कागदात गुंडाळून कपाळाला लावून घेतो. ती पंचेचाळीस मिनिटं किती वेगळी गेली असती!

आणखी एक गोष्ट मला परत आल्यावर कळली. ओसाकाहून रेल्वेनं दोनेक तासांवर कोयासान नावाचा डोंगर आहे. नवव्या शतकात कूकाई नावाच्या आचार्यांनी तिथं मठ वसवला. आजही तिथल्या पन्नासच्या आसपास देवळांत यात्रेकरूंना राहता येतं आणि भिक्षूंचं जेवण जेवता येतं. त्याला 'शोजिन र्‍योरी' म्हणतात. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. कांदा-लसणासारख्या पाच उग्र वस्तू वर्ज्य. एरवी जपानी स्वयंपाकात साध्या भाजीच्या रसातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. इथं तो नसतो, त्याऐवजी समुद्रातली वनस्पती आणि अळंबी वापरतात. झेन मठांत तर संध्याकाळच्या जेवणाला 'याकुसेकी' म्हणतात, म्हणजे औषधाचा दगड. दुपारनंतर जेवायचं नाही असा भिक्षूंचा मूळ नियम. भूक लागली की तापवलेला दगड पोटाशी धरत, अशी त्यामागची कथा सांगतात. ही गोष्ट ऐकून आपल्या एकभुक्त राहणाऱ्या माणसांची आठवण कुणाला येणार नाही?

आणि आमची बस ओसाकात तीन रात्री होती. आचारी केळ्याची भाजी करत होते.

तिथं सगळं आपल्याला चाललं असतं असंही नाही. त्या ताटात मुळा असतो, कमळाचा कंद असतो, अळंबी असते. तीळ वाटून केलेला त्यांचा प्रसिद्ध पदार्थही एका मुळाच्या पिठानं घट्ट करतात. म्हणजे निम्म्या ताटाला आपण पुन्हा 'नको'च म्हणालो असतो. पण तिथं त्या 'नको'ला अर्थ आला असता. जीव जपायचा म्हणून ते अमुक ठिकाणी थांबतात, आपण त्याच्या दोन पावलं पुढं थांबतो. का? मुळा उपटताना काय होतं असं आपण मानतो? ते काय मानतात? हे बोलणं आपल्या बस्तीतल्या स्वाध्यायाइतकंच मोलाचं झालं असतं. ज्या टूरनं आपलं अन्न सांभाळलं, त्याच टूरनं आपल्या अन्नाशी सर्वांत जवळचं नातं असलेला डोंगर चुकवला. आणि मी लेखात त्या टूरची तारीफ छापली.

भाचीनं आणखी एक सांगितलं. जपानात मोडक्या सुयांचा एक दिवस असतो. तोक्योकडे ८ फेब्रुवारीला, क्योतोकडे ८ डिसेंबरला. वर्षभर शिवताना मोडलेल्या सुया बायका देवळात नेतात आणि टोफूच्या मऊ वडीत टोचून ठेवतात. आयुष्यभर जाड कापडात घुसलात, आता मऊ जागी विसावा घ्या, म्हणून. ऐकलं आणि मला दसऱ्याला शिवणयंत्राला हळदकुंकू लावणारी माझी आई आठवली. हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. असतं तरी एप्रिलमध्ये दिसलं नसतं. पण त्या चहावाल्या आजींना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, असं मला उगाचच वाटत राहतं. त्यांच्या बोटांवर सुईच्या खुणा असतील का, हेही मी पाहिलं नाही. कागद उचलणारे ते हात माझ्यापासून वीतभर होते.

म्हणून आपल्यातल्या ज्या मैत्रिणी परदेशी जातात आणि येऊन लिहितात, त्यांना एक विनंती. जेवणाची सोय कशी होती ते एका ओळीत लिहा. ते कळायला हवंच, मी नाकारत नाही. मग तुम्ही ज्या एका माणसाशी बोललात, त्याच्याविषयी लिहा. बोलला नसाल तर तसं लिहा. तुम्ही काय नाकारलं आणि कसं नाकारलं, तेही लिहा. प्रवासवर्णनाची माझी आता हीच कसोटी आहे. किती देश पाहिले, किती पदार्थ चाखले हे मी बघत नाही. लिहिणारीला परक्या घरात कुणी एक प्रश्न विचारला का, आणि तिनं एक विचारला का, तेवढं बघते.

कुंद्याचे ते दोन डबे आम्ही शेवटच्या दिवशी विमानतळावर जाताना बसमध्येच फोडले. सगळ्यांनी तारीफ केली. चांगलाच झाला होता.

मासिकातला तो लेख या संग्रहात घ्यावा असं काही जणींनी सुचवलं होतं. तो घेतलेला नाही. त्याच्या जागी हा घेतला आहे.